बदलीचं माणूस

माझ्या सासूबाई चॅपेलमध्ये गुडघ्यांवर असतानाच गेल्या. पडल्या नाहीत, कलंडल्या नाहीत. पुढच्या बाकाच्या पाठीवर हात, हातांवर कपाळ, आणि संपलं. मरतानाही बाईनं कुणाला त्रास दिला नाही, असं सगळे म्हणाले. जिवंतपणी दिलेला त्रास माझ्या चांगला लक्षात होता.

आमच्या चर्चला लागून हे छोटंसं चॅपेल आहे. वेदीवर सोनेरी किरणांच्या पात्रात, काचेआड पवित्र भाकर ठेवलेली असते. गोल, पांढरी, तळहाताएवढी. ती भाकर म्हणजे स्वतः प्रभूच असं आम्ही मानतो, म्हणून त्याला एकटं ठेवायचं नाही. रात्री कॉन्व्हेंटच्या सिस्टर बसतात, दिवसा आम्ही संसारी माणसं तास वाटून घेतो. नियम एकच. बदलीचं माणूस आल्याशिवाय उठायचं नाही. ते माणूस येतं, तुमच्याच बाकावर तुमच्याशेजारी गुडघे टेकतं, बाकावर तळहात ठेवतं, मग तुम्ही उठायचं. बोलायचं नाही आणि इकडेतिकडे बघायचंही नाही.

दुपारी तीनचा तास सासूबाईंचा, शेवटचा बाक, खांबाजवळचा. ताप असो, पाहुणे असोत, त्या जायच्याच. बदली उशिरा आली तर तशाच बसून राहायच्या आणि घरी येऊन त्या माणसाचा असा उद्धार करायच्या की ऐकत राहावं. मी एकदा विचारलं होतं, "तासभर तुम्ही म्हणता तरी काय त्याला?"

"काही म्हणत नाही. बसते."

"नुसतं बसायचं तर घरी काय वाईट आहे?"

"तू स्वयंपाकघरात असतेस तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसलेली असते ना, न बोलता? तसं."

"तेव्हा तुम्ही माझ्या हातून काय पडतंय ते मोजत असता."

त्या हसल्या. फार क्वचित हसायच्या, आणि हसल्या की दहा वर्षांनी लहान दिसायच्या. "मन पळतं," त्या म्हणाल्या. "पळू द्यावं. शिव्या देऊ नयेत. कोपराला धरून परत आणावं. पण तू मनापासून त्याच्याकडे बघत नसशील ना, तर तुझी जागा रिकामीच. बूड टेकलं म्हणजे जागा भरली असं नाही." त्यांचं प्रवचन झालं आणि मी भाजी चिरायला गेले. मला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, माझा नवरा मला भिंगरी म्हणायचा.

त्या गेल्या त्या दिवशी चार वाजता पियानो शिकवणाऱ्या बाई बदलीला आल्या. बाकाच्या टोकाशी येऊन त्यांनी सासूबाईंची मान बघितली आणि तिथूनच किंचाळत बाहेर धावल्या. फादर आले, आम्हाला दुकानात निरोप आला, चार माणसांनी सासूबाईंना उचलून बाहेर नेलं. सगळे त्यांच्या मागे. मग प्रार्थना, शवपेटी, दफन, घर भरून माणसं. त्या धांदलीत एक गोष्ट राहून गेली, आणि ती एकट्या माझ्या नवऱ्याच्या ध्यानात आली. मला त्याचा पत्ताच नव्हता.

आमचं सोफ्यांचं काम आहे. जुने सोफे, खुर्च्या, गाड्यांच्या सीटा उसवायच्या, नवा फोम घालायचा, नवं कापड चढवायचं. सांगाडा आणि स्प्रिंगा त्याच्याकडे, कापणी, शिलाई आणि गिऱ्हाइकांची तोंडं माझ्याकडे. चॅपेलच्या बाकांना गुडघे टेकायच्या फळ्या आहेत, त्यांच्यावरच्या गाद्याही आम्हीच केलेल्या. जाड फोम, वरून तपकिरी रेक्झिन. रेक्झिनमधून हवा जात नाही, त्यामुळे गुडघे टेकले की माझ्या शिलाईच्या भोकांतून हवा बाहेर पडते, हळू, उसासा टाकल्यासारखी. उठलं की गादी तशीच हळू हवा आत ओढते. फादर थट्टेनं म्हणायचे, तुमच्या गाद्या आमच्यापेक्षा जास्त उसासे टाकतात.

दफनानंतर नवऱ्यानं आईचा तास मागून घेतला. मला बरं वाटलं, म्हटलं दुःख हलकं होईल. पहिले काही दिवस तास संपला की दुकानात परत यायचा. मग साडेचार व्हायला लागले, मग पाच, मग सिस्टर दिवे लावायला येईपर्यंत हा तिथेच. दुकानात उसवलेले सोफे पोट फाडल्यासारखे पडून राहिले. गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर नाचायला लागली. ते मी निभावलं असतं, माझी जीभ काही कमी नाही. पण घरी आला की हा ताटासमोर बसायचा आणि ताट तसंच राहायचं. मी बोलले की माझ्याकडे बघायचा, मी खिडकीची काच आहे आणि पलीकडचं काहीतरी बघायचंय अशा नजरेनं. गालफडं बसली. मला भिंगरी म्हणायचं त्यानं कधी सोडलं ते मला कळलंही नाही. सासू गेली ते ठीक, पण ती माझ्या नवऱ्याला हप्त्याहप्त्यानं घेऊन चाललीय असं वाटायला लागलं.

शेवटी एका दुपारी हातातली कात्री तशीच टाकून मी त्याला आणायला गेले.

चॅपेलमध्ये ऊन होतं. खिडक्यांच्या पिवळ्या काचांमधून ते जमिनीवर पडलं होतं आणि सगळं स्वच्छ दिसत होतं, म्हणून तर सांगते, अंधारात मला काही भासलं अशातली गोष्ट नाही. पियानोवाल्या बाई पुढे उजवीकडे, स्वतःच्या तासाला बसलेल्या. नवरा मागून दुसऱ्या बाकावर. शेवटच्या बाकावर कुणी नाही. मी खांबाजवळ उभी राहिले. त्याची पाठ मला दिसत होती. खांदे सैल, मान किंचित कलती, माणूस गाणं ऐकताना बसतो तसा. तो वेदीकडे बघत नव्हता. त्याचे डोळे मिटलेले होते आणि कान मागे होते.

आणि मग माझ्या पायाशी हवा सुटली. फुस्स करून, हळू.

मी खाली बघितलं. शेवटच्या बाकाची गुडघ्यांची गादी दबलेली होती. दोन खळगे, शेजारी शेजारी, डावा जरा जास्त खोल. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखायचा, त्या सगळा भार डावीकडे टाकायच्या. मी बघत असताना ते खळगे हलले. थोडे पुढे सरकले, भार बदलला, गादीनं पुन्हा उसासा टाकला. वर काही नव्हतं. मी भित्री नाही, पण त्या क्षणी नवऱ्याला तिथेच टाकून मी बाहेर पळाले, आणि दुकानात येऊन मशीनवर हात ठेवून नुसती बसले.

तो घरी आल्यावर मी दार लावलं आणि सरळ विचारलं, "मागच्या बाकावर कोण आहे?"

त्यानं नाही म्हटलं नाही. किती दिवसांनी त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "तुलाही ऐकू आलं?"

"दिसलं."

"आई आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी तिला कुणी सोडवलंच नाही. सगळे तिला घेऊन बाहेर पळाले. जागेवर कुणी बसलं नाही, हात ठेवला नाही. आता त्या बाकावर बसायची कुणाची छाती होत नाही. बदली आल्याशिवाय आई उठेल असं तुला वाटतं?"

मला वाटत नव्हतं. ती बाई देवदूतानं हाक मारली असती तरी म्हणाली असती, थांबा, माझं माणूस येऊ दे.

"मग तू सोडव की तिला," मी म्हटलं. "तू मुलगा आहेस. एक बाक मागे सरकायचं, हात ठेवायचा."

"का?" तो म्हणाला.

एवढंच. का. त्या एका शब्दानं मला सगळं कळलं. हा तिथे प्रार्थनेला जातच नव्हता. आई मागे आहे, आपण पुढे आहोत, ती बघतेय, आपल्याला काही करायचं नाही. लहानपणी अभ्यासाला बसायचा तसा.

"तिचे गुडघे दुखतात रे," मी म्हटलं.

तो उठून आत गेला.

मी फादरांकडे गेले. भला माणूस. त्यांनी मला चहा दिला, आणि फोम जुना झाला की सावकाश भरतो असं मलाच समजावलं. मी चहा पिऊन आले. आता जे करायचं ते मलाच करायचं होतं, आणि मला तर पाच मिनिटं बसवत नव्हतं.

एका दवाखान्याच्या मोठ्या बाकड्याचं काम आमच्याकडे अडकलं होतं. तिथल्या माणसाला मीच सांगितलं की उद्या दुपारीच बसवून देतो, आणि सांगाडा जोडायला नवराच लागेल. दुसऱ्या दिवशी दोनला टेम्पो दारात उभा. नवरा कासावीस झाला. "तीनचा तास कोण घेणार?"

"मी घेते."

त्यानं मला दंडाला धरलं. हात गार होता. "माझ्या बाकावर बस. मागे बसू नकोस. शब्द दे."

"बरं," मी म्हटलं. टेम्पो निघाला. खोटं बोलायला मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही.

तीनला मी चॅपेलमध्ये गेले. पुढे बसलेल्या दोनच्या तासाच्या न्हाव्याशेजारी गुडघे टेकले, हात ठेवला, तसा तो उठला, मान लववून निघून गेला. मग मी मागे शेवटच्या बाकाशी आले. खळगे होतेच. मी त्यांच्याशेजारी, बाकाच्या आतल्या बाजूला सरकले, गुडघे टेकले, तळहात लाकडावर ठेवला. माझ्याखालची गादी फुसफुसली. शेजारची हलली नाही. डाव्या दंडाला गारवा लागत होता, भिजलेला कपडा वाळत घातलाय आणि आपण त्याच्याजवळ उभे आहोत तसा. त्या गारव्याला त्यांच्या साबणाचा वास होता.

"आई, मी आलेय," मी पुटपुटले. "उठा तुम्ही."

काही नाही. आणि मला आठवलं, बूड टेकलं म्हणजे जागा भरली असं नाही.

मग मी समोर बघायला लागले. पांढरं, गोल. बघितलं आणि लगेच डोक्यात टेम्पो आला. बाकड्याचा कोपरा नीट बसेल का. तपकिरी दोरा संपत आलाय. परत समोर. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, दोनदा मागे, एकदा पुढे, कसली येत नाही गाडी यांना. परत समोर. शेजारी भार बदलला. उसासा. मी घाईघाईनं पाठ असलेल्या प्रार्थना म्हणायला लागले, एकामागून एक, धडाधड. डाव्या कानाशी आवाज आला, जीभ टाळूला लावून काढलेला. च्च. चाळीस वर्षांत मी भाजीत पाणी जास्त घातलं की हाच आवाज यायचा. माझ्या मानेवरचा केस न् केस उभा राहिला, आणि तरी खरं सांगते, रागही आला.

"मग काय करू?" मी त्याला म्हटलं, समोरच्याला. "तूच घे हिला. माझा नवरा मला दे. मला दुसरं काही नको." हे मी मनात किती वेळा म्हटलं माहीत नाही. रडले. नाक पुसायला रुमाल नव्हता. बायकांनी देवापुढे रडावं म्हणतात, मी वैतागून रडत होते. काहीच झालं नाही. तो पांढरा गोल तसाच होता. माझं मागणं त्याला ऐकू गेलं नाही असं नाही वाटलं. ऐकलंय आणि थांबलाय, असं वाटलं.

मग मी दमले. मागायचंही संपलं. मन टेम्पोकडे निघालं, मी त्याला कोपराला धरून आणलं. पुन्हा निघालं, पुन्हा आणलं. शिव्या दिल्या नाहीत. कधीतरी ते निघेनासं झालं.

आता यापुढचं मला नीट सांगता येणार नाही. प्रकाश नाही, आवाज नाही, कुणी दिसलं नाही. इतकंच की मी बघतेय असं इतका वेळ मला वाटत होतं, आणि ते उलटं होतं. आधीपासून बघत होता तो. मी आत आले तेव्हापासून, लग्न होऊन या वस्तीत आले तेव्हापासून, माझ्या जन्माच्याही आधीपासून, पापणी न हलवता. शेजारच्या गारव्याची मला जी भीती वाटत होती ती या भीतीपुढे काहीच नव्हती. मेलेल्या माणसापासून पळता येतं. यातून पळायला जागाच नव्हती, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मला पळायचं नव्हतं. कुणी इतका वेळ माझ्याकडे बघितलं नव्हतं. नवऱ्यानंही नाही.

डावीकडे गादीनं हवा आत ओढली. सावकाश, पुष्कळ वेळ. बाकाचं लाकूड हलकं झालं. दंडाला दुपारची ऊब लागली. कुणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवला का? फिरवला असेल. मी वळून बघितलं नाही. माझी नजर समोर होती. त्या चाळीस वर्षं माझ्यासोबत एका घरात राहिल्या आणि जाताना मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, याचं मला वाईट वाटतं.

चारला पियानोवाल्या बाई आल्या. मला तिथे बघून चरकल्या. मी तळहातानं बाकावर थोपटलं, या, इथे या म्हणून. त्यांनी मान हलवली. "तिथे नको गं," त्या कुजबुजल्या. "तिथे माझ्यानं बसवणार नाही. तू उठ की, मी पुढे आहे ना." आणि जाऊन पुढे उजवीकडे बसल्या.

उठायला माझे पाय धडधाकट होते. पण उठायचं म्हणजे त्याच्यासमोरची ही जागा मोकळी टाकून जायचं, आणि आता मला ते जमेना. सकाळपर्यंत मी या सगळ्याला सासूबाईंचा हट्ट म्हणत होते. म्हटलं, येईल आता नवरा. तो सोडवेल. मग दोघं घरी जाऊ, गरम जेवू, भांडू.

तो आला तो धावतच आला. शर्टावर फोमचा भुसा, हातात अजून पक्कड. दारातच थबकला. त्याला सांगावं लागलं नाही. कान लावून उभा राहिला, मग बाकाजवळ आला आणि माझ्या शेजारच्या गादीकडे बघितलं. ती फुगलेली होती, नवी केल्यासारखी.

"गेली?"

"गेली," मी समोर बघतच म्हटलं. "सुटली रे. रागावू नकोस."

तो रागावला नाही. तोंडावर हात दाबून रडला, सगळं अंग हलत होतं त्याचं. दफनाच्या दिवशी रडला नव्हता, ते सगळं आज निघालं. मला इतकं बरं वाटलं. परत येतोय माझा माणूस, म्हटलं.

"ये," मी म्हटलं. "बस इथे. हात ठेव आणि समोर बघ, खरं बघ. मला सोडव. घरी जाऊ."

तो बाकात शिरला. हात पुढे केला, बोटं लाकडापासून वीतभर अंतरावर होती. तेवढ्यात माझे गुडघे अवघडले म्हणून मी भार दुसऱ्या बाजूला टाकला. माझ्याखाली गादी फुसफुसली.

त्याचा हात थांबला. त्यानं तो आवाज ऐकला. मान किंचित कलती करून, पूर्ण ऐकला. मग हात मागे घेतला, बाकातून बाहेर पडला आणि पुढच्या बाकावर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसला.

"अरे," मी म्हटलं.

"आहेस ना मागे?" त्यानं विचारलं. आवाज किती दिवसांनी मोकळा, पूर्वीसारखा. "भिंगरी?"

"आहे," मी म्हटलं.

"मग बरं."

त्यानं पक्कड शेजारी ठेवली, हातांवर डोकं टेकवलं, आणि थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. झोपला होता तो. कित्येक आठवड्यांनी असा गाढ झोपला होता. हाक मारून त्याला उठवायला हवं होतं मी, चांगलं खडसावायला हवं होतं. पण त्यासाठी त्याच्याकडे बघावं लागलं असतं, आणि मला समोरून नजर काढवेना.